उलटा सूक्ष्मदर्शक, लसीची बाटली आणि गावाची जबाबदारी

लसीकरणाची मोहीम गावात आली म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते ती एक लहानशी बाटली, एक सुई आणि बर्फाची पेटी. ही बाटली कोठे भरली गेली, तिच्यातील लस कशावर वाढली आणि ती गुणकारी आहे हे कोणी व कसे ठरविले, याचा विचार सहसा होत नाही. त्यामुळे लसीविषयी दोन टोकांची मते प्रचारात राहतात. काहींना लस म्हणजे जादू वाटते. सुई टोचली की जनावर सुरक्षित झाले, अशी त्यांची समजूत असते. काहींना ती निव्वळ सरकारी उपचार वाटते. टोचूनही शेजाऱ्याची गाय आजारी पडली, हे त्यांचे प्रमाण असते. ही दोन्ही मते लसीची घडण ठाऊक नसल्यामुळे टिकून आहेत.

यांच्या जोडीला आता एक तिसरे मत ऐकू येते. साथ आली की नमुने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. यास्तव विषाणूंच्या तपासणीची यंत्रे, पेशी पाहण्याचे सूक्ष्मदर्शकसुद्धा, प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात असावीत, असे हे मत आहे. या मागणीमागील कळकळ खरी आहे. तथापि मागणी मान्य करण्यापूर्वी ते यंत्र नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ते समजले म्हणजे तालुक्याची आणि गावाची खरी गरज कोणती, हेही स्पष्ट होईल.

यंत्र उलटे का केले?

शाळेत किंवा दवाखान्यात असतो तो सूक्ष्मदर्शक सरळ असतो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून तो रंगवितात, खालून प्रकाश सोडतात आणि वरून भिंगाने पाहतात. मोठे करून दाखविणारे भिंग वस्तूच्या अगदी जवळ, जवळजवळ केसभर अंतरावर, आणावे लागते. मृत व रंगविलेल्या पदार्थाच्या बाबतीत याची काही अडचण नाही.

जिवंत पेशींची गोष्ट निराळी आहे. प्रयोगशाळेत पेशी सपाट बुडाच्या बाटलीत किंवा बशीत वाढवितात. त्या बुडाला चिकटून एकेरी थरात पसरतात. त्यांच्यावर काही मिलिमीटर खोल पोषक द्रव असतो, द्रवावर हवा आणि हवेवर बाटलीचे छत. वरून पाहावयाचे तर भिंग पेशींच्या जवळ पोहोचत नाही. पोहोचवावयाचे तर बाटली उघडून भिंग द्रवात बुडवावे लागेल, आणि बाटली उघडली की हवेतील जंतू व बुरशी आत शिरून सारे काम नासण्याची भीती. काचेच्या बरणीच्या तळाशी काय साचले आहे हे पाहण्यास शहाणा माणूस झाकण काढून आत डोके खुपसत नाही. बरणी उचलून खालून पाहतो. उलट्या सूक्ष्मदर्शकाचे तत्त्व हेच आहे. त्यात प्रकाश वरून येतो, भिंग बाटलीच्या खाली असते आणि आरशांच्या व लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत आणली जाते. बाटली बंदच राहते. पेशी आपल्या द्रवात जिवंत राहतात. निरीक्षण झाले की बाटली पुन्हा ३७ अंश सेल्सियसच्या उबदार कपाटात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तीच बाटली, त्याच पेशी, पुन्हा पाहतात.

या रचनेची कल्पना जीवशास्त्रज्ञाची नव्हे, रसायनशास्त्रज्ञाची आहे. जे. लॉरेन्स स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने इ. स. १८५० च्या सुमारास असे यंत्र योजिले. रासायनिक प्रयोगांतून निघणाऱ्या वाफेने वरचे भिंग खराब होऊ नये, हा त्याचा हेतू होता. पेशी बाटलीत वाढविण्याची विद्या पुढे विसाव्या शतकात आली आणि या यंत्रास त्याचे खरे क्षेत्र मिळाले. त्यात आणखी एका शोधाची भर पडली. जिवंत पेशी पाण्यासारखी पारदर्शक असते. रंग दिला तर ती बहुधा मरते आणि न दिला तर धड दिसत नाही. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके याने पेशीतून जाणाऱ्या प्रकाशलहरींतील सूक्ष्म फरक उजेड-अंधाराच्या रूपाने दाखविण्याची युक्ती शोधली. तिच्यासाठी त्यास १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उलटी रचना आणि ही युक्ती एकत्र आल्यामुळे रंग न देता, बाटली न उघडता, जिवंत पेशीचे निरीक्षण शक्य झाले.

पेशींशी विषाणूंचा संबंध

खानदेशातील केळी बागायतदारास ऊतिसंवर्धन हा शब्द नवा नाही. केळीच्या कोंबाचा लहानसा भाग निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवून त्यापासून एकसारखी रोपे तयार करतात, हे त्याने पाहिले आहे. प्राण्यांच्या पेशींचे संवर्धन त्याच जातीचे काम आहे. मात्र त्यातून प्राणी तयार करावयाचा नसतो, केवळ पेशींचे पीक घ्यावयाचे असते. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन याने बेडकाच्या गर्भातील ऊतक शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यातून मज्जातंतू वाढताना पाहिला. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर व रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेखेरीज अन्य ऊतकांच्या पेशींतही बाटलीत वाढविता येतो, हे सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचे महत्त्व ध्यानात येण्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी. जिवाणू साध्या पोषक द्रव्यावर वाढतात. विषाणू तसे वाढत नाहीत. त्यांना जिवंत पेशीच हवी. पेशी बाटलीत वाढविता येत नव्हती तोपर्यंत विषाणूची लस तयार करण्यास जिवंत जनावर किंवा कोंबडीचे अंडे यांखेरीज गत्यंतर नव्हते.

बुळकांडीचा इतिहास याची साक्ष देतो. या रोगाने एकेकाळी गावेच्या गावे बैलांवाचून बसविली. भारतात पशुरोगांच्या संशोधनासाठी १८८९ मध्ये जी प्रयोगशाळा निघाली, ती प्रथम पुण्यास निघाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ तेच. तेथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स याने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत नेत सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध झाली. या लसीने देशाची मोठी सेवा केली. परंतु तिच्यासाठी शेळ्या माराव्या लागत, आणि संकरित व काही नाजूक जातींच्या जनावरांना तिची तीव्र बाधा होई.

पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, सुमारे ९० वेळा वाढवून सौम्य केला. त्या कामाचा वृत्तान्त १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही लस सर्व जातींच्या गुरांना सुरक्षित होती, स्वस्त होती आणि एकदा टोचल्यावर दीर्घकाळ संरक्षण देई. भारतात बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू झाला होता. त्याच्या उत्तरार्धात पेशीसंवर्धित लस वापरली गेली. १९९५ नंतर देशात हा रोग आढळला नाही आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालविलेला हा जनावरांचा पहिला रोग होय. तरुण शेतकऱ्यास आज बुळकांडी हे नाव केवळ आजोबांच्या तोंडून ऐकून ठाऊक असते, यामागे बाटलीतील पेशींचा वाटा फार मोठा आहे.

लसीचा जोर कसा मोजतात?

लसीत विषाणू किती आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही, कारण बहुतेक विषाणू साध्या प्रकाशात दिसण्याच्या मर्यादेपेक्षा लहान असतात. दिसतो तो विषाणूने पेशींवर केलेला परिणाम. निरोगी पेशी फरशीप्रमाणे एकमेकींस लागून पसरलेल्या असतात. विषाणू शिरला की त्या गोल होतात, काही एकमेकींत मिसळून मोठाल्या होतात, काही बुडापासून सुटून द्रवात तरंगू लागतात आणि थराला भोके पडतात. जाणत्या माणसास उलट्या सूक्ष्मदर्शकातून ही पडझड स्पष्ट ओळखता येते.

जिवंत लसीचा जोर यावरूनच ठरतो. लस दहापट, शंभरपट, हजारपट अशी क्रमाने पातळ करीत जातात. ९६ लहान खळगे असलेल्या तबकडीत पेशी वाढवून प्रत्येक खळग्यात पातळ केलेल्या लसीचा ठरावीक भाग घालतात. मग काही दिवस रोज प्रत्येक खळगा खालून तपासतात आणि कोणत्या पातळीपर्यंत पेशींची पडझड झाली याची नोंद करतात. त्यावरून एका मात्रेत किती जिवंत विषाणू आहे याचा हिशेब निघतो. हिशेब ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरला तर ती लस बाहेर जाता कामा नये, असा नियम आहे.

येथे यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. पेशींत बुरशी किंवा जिवाणू शिरले तर ते सूक्ष्मदर्शकातून सहसा कळते. परंतु मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जंतू पेशींत ठाण मांडून बसले तरी अशा निरीक्षणात ते आढळत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा करावी लागते. सारांश, यंत्र साधन आहे, न्यायाधीश नव्हे. न्याय करतो तो अनुभवी डोळा आणि काटेकोर नोंद.

लम्पीच्या साथीचा धडा

हा विषय केवळ शास्त्राचा नाही, हे २०२२ साली महाराष्ट्राने अनुभवले. भारतात २०१९ मध्ये प्रथम आढळलेला लम्पी चर्मरोग त्या वर्षीच्या पावसाळ्यात राज्यात वेगाने पसरला. जनावरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध घालावे लागले आणि गाई व बैल मोठ्या संख्येने दगावले. ज्याचा नांगरटीचा बैल गेला त्याचा हंगाम गेला; जिच्या घरची दुभती गाय गेली तिच्या मुलाबाळांचे दूध आणि आठवड्याचा खर्च गेला.

त्या वेळी गावोगाव टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच कुळातील असल्यामुळे एकाची लस दुसऱ्यावर उपयोगी पडते. याच सुमारास हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने खास लम्पीची लस तयार केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीर झाली. रांची येथे २०१९ मध्ये मिळालेला विषाणू व्हेरो नावाच्या पेशींत ५० वेळा वाढवून तो सौम्य करण्यात आला होता. या पेशी मूळ आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या. जपानमधील चिबा विद्यापीठात १९६२ मध्ये त्या प्रथम संवर्धित झाल्या. महाराष्ट्रात ही लस बनविण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे पुण्याच्या शासकीय पशु-जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला. जपानात वाढविलेल्या पेशी, झारखंडातील गाईचा विषाणू आणि हरियाणातील प्रयोगशाळा यांच्या मेळातून गावच्या गोठ्यापर्यंत येणारी बाटली तयार होते. एवढा प्रवास करून आलेली वस्तू शेवटच्या चार कोसांत वाया जाऊ देणे हा अक्षम्य अपव्यय होय.

तालुक्यास काय हवे?

आता प्रत्येक तालुक्यात उलटा सूक्ष्मदर्शक असावा, या मागणीकडे वळावे. हे यंत्र एकटे काही करू शकत नाही. त्याच्या आधी पेशी हव्यात; पेशींसाठी निर्जंतुक खोली, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण राखणारे उबदार कपाट, अखंड वीज आणि पेशींचे बियाणे साठविण्यास द्रवरूप नायट्रोजन हवा. कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या ज्या भांड्यात ठेवतात, पेशीही तशाच भांड्यात ठेवाव्या लागतात. ते भांडे वेळेवर भरले नाही तर काय होते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास सांगावयास नको. याखेरीज रोजच्या रोज पेशींची निगा करणारी, वर्षानुवर्षे तेच काम केलेली माणसे हवीत. पेशींना सुटी नसते. शिवाय साथीच्या रोगाचा जिवंत विषाणू वाढविणे धोक्याचे काम आहे. ज्या खोलीतून तो बाहेर निसटण्याचा संभव आहे, ती खोली गुरांच्या बाजाराजवळ असता कामा नये.

यावर कोणी म्हणेल की, आता विषाणूचे निदान काही तासांत करणाऱ्या पीसीआरसारख्या चाचण्या असताना पेशींचा खटाटोप हवाच कशाला? निदानापुरते हे म्हणणे बरोबर आहे. परंतु अशी चाचणी विषाणूची खूण सांगते, विषाणू जिवंत आहे किंवा नाही हे सांगत नाही. आणि तिच्यातून लसही निघत नाही. नव्या साथीतील विषाणू हस्तगत करणे, तो जुन्या लसीस दाद देतो काय हे पाहणे, लसीचा जोर तपासणे, ही कामे जिवंत पेशींखेरीज आजही होत नाहीत. म्हणून विभागाविभागांत मोजक्या, परंतु पूर्ण सज्ज आणि पुरेशी माणसे असलेल्या प्रयोगशाळा असणे हेच हिताचे आहे. तालुक्यातालुक्यांत कपड्याने झाकून ठेवलेली यंत्रे म्हणजे सार्वजनिक पैशाची नासाडी. त्या पैशातून चांगल्या बर्फपेट्या, विश्वसनीय शीतकपाटे, तापमापक आणि नमुने वेळेवर पोहोचविणारे वाहन यांची सोय झाली तर प्रयोगशाळेतील यंत्राचा लाभ गावास अधिक होईल.

दोन वाटा, एकच बर्फ

प्रयोगशाळा आणि गाव यांच्यामध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेने नमुना वर जातो, दुसऱ्या वाटेने लस खाली येते. दोन्ही वाटांवर बर्फ लागतो आणि दोन्हींचे गावाकडील टोक ग्रामपातळीवरील कार्यकर्ता व शेतकरी यांच्या हाती असते.

नमुन्याची गोष्ट प्रथम. पेशींवर विषाणू वाढवावयाचा तर तो जिवंत पोहोचला पाहिजे. लम्पीच्या गाठींवरील खपली किंवा लाळ्या खुरकुतीच्या फोडाचे साल रोगाच्या सुरुवातीस घेतले, योग्य द्रवात ठेवले आणि बर्फात पाठविले तर त्यातून काही हाती लागते. दोन दिवस उन्हात पडलेला, सडलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली काही सांगत नाही. फॉर्मॅलिनमध्ये बुडविलेला नमुना ऊतकाचे छेद पाहण्यास उपयोगी असतो, पण विषाणू वाढविण्यास निरुपयोगी ठरतो. नमुना घेण्याचे काम पशुवैद्यकानेच करावे. परंतु रोगाची बातमी पहिल्याच दिवशी त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे पशुपालकाचे काम आहे. बाजार बंद होईल किंवा जनावराचा भाव उतरेल या भीतीने आजार दडविणारा मनुष्य आपल्या एका बैलासाठी साऱ्या शिवाराचे बैल पणास लावतो.

लसीची गोष्ट तितकीच महत्त्वाची. लम्पी व शेळीच्या देवीच्या लसीत जिवंत विषाणू असतो. उष्णतेने तो मरतो. अशी लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी, द्रवात मिसळल्यावर सावलीत व बर्फावर ठेवून बाटलीवर सांगितलेल्या मुदतीत संपवावी आणि उरलेली दुसऱ्या दिवसासाठी राखू नये. लाळ्या खुरकुतीच्या लसीत विषाणू मारलेला असतो. ती गोठली तर तिचा गुण बिघडतो, म्हणून ती थेट बर्फास चिकटवून ठेवू नये. एक लस उन्हाला भिते, दुसरी गोठण्याला. हा भेद प्रत्येक कार्यकर्त्याच्या जिभेवर असला पाहिजे. मोटारसायकलच्या पेटीत दुपारभर तापलेली बाटली पाहून ती बिघडली हे कोणासही ओळखता येत नाही. तिचा रंग बदलत नाही, वास येत नाही. ती बिघडली हे फक्त प्रयोगशाळेतील पेशी सांगू शकतात, आणि गोठ्यात त्या पेशी नसतात. तेथे नोंदवहीतील तापमानाचा आकडा आणि कार्यकर्त्याची सचोटी एवढाच पुरावा असतो.

लस टोचूनही जनावर आजारी पडले, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. तिची कारणे मात्र तपासली जात नाहीत. टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे ३ आठवडे लागतात; साथ दारात आल्यावर टोचलेले जनावर त्या अवधीत आजारी पडू शकते. काही वेळा लस वाटेतच निकामी झालेली असते. पहिल्या कारणावर उपाय आहे वेळेवर टोचून घेण्याचा, दुसऱ्यावर उपाय आहे बर्फाचा. शेतकऱ्याने बाटली कधी उघडली, पेटीत बर्फ आहे काय, असे विचारले तर कार्यकर्त्याने त्यात अविश्वास मानू नये. तो प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे. जनावर त्याचे आहे. उलट असे प्रश्न विचारणारे गाव हेच लसीचे सर्वांत चांगले रक्षक होय.

बुळकांडी गेली ती केवळ मुगुग्यातील बाटल्यांमुळे गेली नाही. लसीची पेटी घेऊन पायी, बैलगाडीने आणि सायकलीने वाड्यावस्त्यांवर गेलेल्या हजारो अनामिक माणसांमुळे गेली. प्रयोगशाळेतील संशोधक पेशींचा थर रोज निरखून पाहतो, कारण एका दिवसाच्या हयगयीने महिन्यांचे काम बुडते, हे तो जाणतो. तीच दक्षता बर्फाच्या पेटीजवळ आणि गोठ्याच्या दारात ठेवली गेली, तर लम्पी व लाळ्या खुरकूत यांनाही बुळकांडीच्या वाटेने धाडणे अशक्य नाही. येत्या लसीकरणापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने एवढे तरी करावे: लस ठेवण्याचे शीतकपाट कोठे आहे, वीज गेल्यास बर्फ कोठून आणावयाचा आणि आजारी जनावराची वर्दी कोणास द्यावयाची, या तीन गोष्टी ठरवून फळ्यावर लिहून ठेवाव्यात.